सरकणाऱ्या जोड्या

पुणे, ८ जानेवारी २०२५

ती. स्व. सारजाआत्यास,
शि. सा. न.

फोनवर तू नुसती व्हय व्हय म्हणतेस, म्हणून मी इथे काय करते ते लिहूनच कळवते.

कार्बनच्या नळ्या असतात, केसाहून हजारो पटींनी बारीक. एकेक नळी पोलादाहून चिवट. पण त्यांचा धागा केला आणि ताणला, की नळी तुटत नाही, शेजारच्या नळीवरून घसरते. म्हणजे धाग्याचं बळ त्यांच्या आपसातल्या घर्षणावर ठरतं. असे दोन धागे सेंटीमीटरभर एकमेकांना टेकवून मी जोडी करते, ती ओढते आणि किती जोराला सरकतात ते मोजते.

माझ्यासोबत प्रयोगशाळेत राहत नावाची मुलगी आहे, तिच्या जोड्या लगेच निसटतात. माझ्या मात्र तिप्पट ताण घेतात. आमचे सर म्हणाले, हाताला गुण आहे. मार्चच्या परिषदेत हा आकडा मीच मांडायचा आहे! हातमोज्यात धागा सापडत नाही म्हणून मी हातमोजा काढते, एवढंच. बाकी मागाच्या कांडीवर सूत भरताना तू शिकवलंस तसंच करते.

तुझी,
अपेक्षा

भवानी पेठ, सोलापूर, १७ जानेवारी

चि. अपेक्षास,
उदंड आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. नळी न्हाय कळली, सरकणं कळलं. अगं, सूत तुटलं की आमी टोक जिभेला लावतो आन् अंगठ्यानं वळतो. वाळलं तरी ते धरून ऱ्हातं. तुला मी हेच शिकवलं की. तितं बी जीभ लावतीस का काय? ती राहत शहाणी दिसती, ती न्हाय लावायची.

गुडघं लई धरल्यात. बाकी ठीक.

तुझी आत्या

पुणे, २५ जानेवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न.

तुझं वाचून आधी रागच आला. मग राहतला माझ्या हाताकडे बघत बसायला सांगितलं. तिसऱ्या जोडीला ती हसायलाच लागली. म्हणाली, लावलीस. मला कळलंही नव्हतं. लाळ न लावता जोड्या केल्या, तर आकडे तिच्याइतकेच आले. मी इतके दिवस घर्षण नाही, थुंकीचा चिकटपणा मोजत होते.

परिषदेला पेपर पाठवायला दोन दिवस उरले होते आणि कुणी काही विचारलं नव्हतं. मी सरांना सांगितलं.  त्यांनी पेपरवरचं माझं नाव खोडून राहतचं लिहिलं.

मी परिषदेत बोलणार म्हणून बाबांनी पेठेत सगळ्यांना सांगून ठेवलंय. बाबांना तूच सांग, माझ्याने होत नाही.

तोंडाला मास्क बांधून चाळीस जोड्या नव्याने करायला घेतल्यात. आज सात झाल्या. सातही लगेच सरकल्या.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अपेक्षा