पुलाखालचं मशीन

रविवार, ता. ९

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाचीचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे, माझं डोकं सोडून.

मी दर रविवारी नदी साफ करायला जातो म्हटल्यावर तू हसलीस, की ज्याने घरात पाण्याचा पेला कधी जागचा हलवला नाही तो नदी काय साफ करणार. तर ऐक. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून आम्ही पायऱ्यांवर साखळी करतो. खालच्याने चिखलातून काढायचं आणि वरच्याच्या हातात द्यायचं. वर तीन ढीग : प्लास्टिक, चिंध्या, लोखंड. शेजारी कोण यावं हे आपल्या हाती नसतं. गेले चार रविवार माझ्या वरच्या पायरीवर मास्तर असतात. बाबांच्या दुकानात वीस वर्षं कापड बेतलं, तेच आपले मास्तर. पाच वर्षं त्यांच्याशी चकार शब्द बोललो नाही आणि आता बादल्यांमागून बादल्या त्यांच्याच हातात देतोय.

आज पुलाच्या दुसऱ्या खांबापाशी काम होतं. खालून चिखलाने लडबडलेलं काहीतरी जड आलं. मी न बघताच वर दिलं. मास्तरांनी ते पुढे दिलंच नाही. साखळीतून बाहेर पडले, त्यावर पोतं टाकलं आणि उचलून रस्त्याकडे चालू लागले. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत ओरडलो, की चोरीची सवय अजून गेली नाही वाटतं. ते थांबले, ओझं खाली ठेवलं आणि मागे न बघता निघून गेले.

पोतं काढून वर पाणी ओतलं तर आपलं शिवणाचं मशीन. हो, आपलंच. चाकाच्या दांड्याला बाबांनी बसवलेली कपाटाच्या खणाची पितळी मूठ तशीच आहे.

अक्का, मला काही म्हणजे काही उमगत नाही. बाबांनी सांगितलं होतं की मशीन मास्तरांकडे दुरुस्तीला दिलंय. बाबा गेल्यावर मी मास्तरांना घरी बोलावून ते मागितलं, तर माझ्याकडे नाही एवढंच म्हणाले, पुढे ताकास तूर लागू दिली नाही. म्हणून मी त्यांना चोर म्हटलं. पण चोर चोरलेला माल विकेल, नदीत कशाला टाकेल? आणि टाकलाच, तर पाच वर्षांनी न्यायला कशाला येईल? बाबांच्या शेवटच्या दिवसांत तू जवळ होतीस. तुला काही सुचतंय का? मशीन मोरीत ठेवलंय, त्यामुळे तुझी वहिनी माझ्यावर धुसफुसतेय.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा
धाकटा

* * *

शनिवार, ता. १५

चि. धाकट्यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं. वहिनीला सांग, मशीन आणखी चार दिवस खपवून घे.

मला सुचायचं काही नाही, मला माहीत आहे. मशीन मास्तरांनी चोरलं नाही. बाबांनी ते टाकायला लावलं. तुला आठवत असेल, तेव्हा तू नकाशे काढायचं शिक्षण अर्धं सोडून दुकानात बसणार म्हणून हट्टाला पेटला होतास. बाबा म्हणायचे, मी जन्मभर पाठीचा कणा वाकवला तेवढा पुरे. विकलं तर विकत घेणाऱ्याकडून हा परत आणेल, अशीही त्यांना खात्री होती. तुझा स्वभाव त्यांना ठाऊक होता. चार पावलं चाललं तरी त्यांना धाप लागायची, म्हणून भल्या पहाटे मास्तरांनी ते उचलून पुलावर नेलं. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मास्तरांकडून वचन घेतलं. जायच्या आदल्या आठवड्यात मला सांगितलं आणि माझ्याकडूनही तेच वचन घेतलं.

तू मास्तरांना बोललास तेव्हा मी आत स्वयंपाकघरात होते. बाहेर येईपर्यंत ते गेले होते. पुढे वाटलं, आता बोलून काय उपयोग, तू नोकरीला लागला होतास. चूक झाली. तू त्यांच्याकडे जा, आणि माझ्याही वतीने माफी माग.

पत्राची वाट बघते.

तुझी
अक्का

* * *

सोमवार, ता. २४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल मास्तरांकडे गेलो होतो. एका खोलीत राहतात, अर्धी खोली बेतायच्या मेजानेच अडवली आहे. त्यांनी मेजावरचं कापड बाजूला करून मला बसायला जागा केली. काय बोलायचं ते मी वाटेत घोकलं होतं, पण तिथे ततपप झालं. शेवटी चुकलो एवढंच म्हणालो, आणि मग रडलो. ते म्हणाले की तुला जे दिसलं त्यावर तू बोललास, तुझा राग धरून काय करू. राग आला तो तुझ्या बापाचा, मला गप्प बसवून स्वतः सुटला म्हणून. पुलापाशी सफाई होणार हे कळल्यापासून ते दर रविवारी येत होते. मशीन निघालं तर माझ्या नजरेला पडू नये, एवढ्यासाठीच.

बाबांचं काय करू तेच कळत नाही. नोकरी बरी आहे, घर नीट चाललंय, म्हणजे त्यांचं खरं ठरलं. तरी मूठ फिरवून बघितली तेव्हा त्यांच्यावर असा संताप आला की तुझी वहिनी घाबरली. यात मी कुणाला बरोबर म्हणू?

आता तुझ्याबद्दल. मी निघताना मास्तरांनी तुझी चौकशी केली. म्हणाले, पाच वर्षांपूर्वी घरी मी त्यांना चोर म्हणालो तेव्हा ते माझ्याकडे बघतच नव्हते. तू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होतीस आणि ते तुझ्याकडे बघत होते, आता ही बोलेल म्हणून. तू खाली बघितलंस आणि ट्रे घेऊन आत गेलीस. ते म्हणाले, ती आत वळली तेव्हा मला पहिल्यांदा आपण खरंच चोर आहोत असं वाटलं.

तुझी माफी मी मागितली नाही. ते तुझ्या वतीने मी करण्यासारखं नाही. गाडीचं तिकीट काढ आणि ये, मी उतरवून घ्यायला येतो.

लोभ असावा, असं लिहिताना आज हात अडखळला. तरी लिहितो, लोभ असावा.

तुझा
धाकटा