पंधरा मिनिटांचा बल्ब

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सायं. ७.५०
मोटारसायकलचा हेडलाइट गेला. चालत्या गाडीवर, वळणावर, मागे बायको बसलेली असताना. पुढचा दीड किलोमीटर हिने मोबाइलचा टॉर्च माझ्या खांद्यावरून धरला. एक म्हातारा सायकल समजून आडवा आला, वर मलाच शिव्या देऊन गेला. किळस आली. बल्ब बनवणाऱ्यांची, रस्त्याची, म्हाताऱ्याची.
मेकॅनिककडे जाणार नाही. गेल्या वेळी त्याने सीटवर तेलाची पाची बोटं उमटवली होती. ती पुढे तीन आठवडे माझ्या पँटवर उमटत होती.
कॉलेजला फिजिक्स होतं. बल्ब मीच बदलणार. पंधरा मिनिटांचं काम. हिला सांगितलं, उद्या तुझी पॅथॉलॉजी लॅब सुटली की लाइट लावूनच घ्यायला येतो. ही काही बोलली नाही. विश्वास असला की माणूस बोलत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर
व्हिडिओ पाहिला. चार मिनिटांत बल्ब बदलला पठ्ठ्याने. नखं स्वच्छ. म्हणजे कामही स्वच्छच असणार.
स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, कुठला बल्ब? म्हटलं, पुढचा. त्याने विचारलं, कुठलं मॉडेल, किती पिनांचा? म्हटलं, चांगला द्या. तर म्हणे, जुना काढून आणा. म्हणजे आधी पोहायला शिका, मग पाण्यात उतरा. हे धंदे करतात!
ही लॅबमधल्या सहकारिणीबरोबर चालत आली. चाळीस मिनिटं. दारातच बसून पाय चोळत म्हणाली, झालं का? म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ६.४०
हेडलाइट उघडला. बाजूचे दोन स्क्रू काढले. खाली एक तिसरा दिसला, तोही संशयाने अकरा वेळा फिरवला. त्याने काहीच सुटलं नाही. निरुपयोगी स्क्रू. कंपन्या वजन वाढवायला घालतात.
आत स्मशान. पाखरांचे पंख, कोळ्याची जाळी, कुंभारमाशीचं चिखलाचं घर आणि पालीची एक शेपटी. नुसती शेपटी. उरलेली पाल कुठे आहे हा विचार मनातून जाईना. नाश्ता केला नाही.
आई पायरीवर चहा घेऊन बसली होती. म्हणाली, तुझ्या बाबांनीही असंच भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. तेव्हापासून दोन वर्षं आपण शेजाऱ्यांना वेळ विचारत होतो. आईला प्रोत्साहन देता येत नाही, हे मी लहानपणापासून पाहतोय.
एक स्क्रू स्वतःहून गटारात गेला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
ऑफिसला उशीर. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मी दिवसभर लोकांचे अर्ज तपासले. तेवीस वर्षं हेच करतोय, दुसऱ्यांच्या चुका काढतोय. आज सेहेचाळीस सापडल्या. बरं वाटलं.
हिला यायला उशीर झाला. वाटेत चहा घेतला म्हणे. थकवा, दुसरं काय. बिचारी.
संकल्प: उद्या दुपारी एक ते सव्वा.

शनिवार, ८ नोव्हेंबर. दुपारी ४.३०
बल्बच्या मागे वायरींचा प्लग आहे. व्हिडिओत तो दोन बोटांनी निघतो. माझा निघेना. वायरी धरून ओढल्या. तिन्ही वायरी हातात आल्या, प्लग जागेवर. म्हणजे अर्धं काम झालं.
कुठली वायर कुठे होती ते लिहून ठेवलं नाही. रंग तीनच, लक्षात राहील.
आई म्हणाली, मेकॅनिकला बोलाव रे, लाजू नकोस. तिला समजावलं की प्रश्न लाजेचा नाही, स्वच्छतेचा आहे. तिने माझ्या बनियनकडे पाहिलं आणि आत गेली.

रविवार, ९ नोव्हेंबर
पक्कडीने प्लग उपटून बल्बमागची रबरी टोपी काढली. आत गाळ. वास असा, की बादलीत महिनाभर विसरलेलं फडकं. त्याच्या आत बल्ब धरून ठेवणारी तारेची क्लिप. ती दाबायची आणि बाजूला सारायची, एवढंच. ती उडाली आणि अंगठ्यात घुसली. रक्त.
पण बल्ब निघाला! काळा पडलेला, मेलेला. आईला नेऊन दाखवला. ती म्हणाली, आता हा जपून गव्हाच्या डब्यात नको ठेवूस.
दुकान बंद. रविवारी कुणाचे बल्ब जात नाहीत, अशी यांची समजूत.

सोमवार, १० नोव्हेंबर
नवा बल्ब आणला. दुकानदार म्हणाला, काचेला बोट लावू नका हं. म्हटलं, मी जन्मल्यापासून बल्ब हाताळतोय. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. घरी येऊन काचेवर वाफ सोडली आणि अंगठ्याने छान पुसून घेतली.
हिने कॅनव्हासचे बूट आणले. चपला झिजल्या असणार चालून चालून. मला अपराधी वाटलं, म्हटलं, फक्त दोन दिवस कळ काढ. ती म्हणाली, घाई करू नका, सावकाश होऊ दे. असा समजूतदारपणा कुणाच्या नशिबी असतो!

बुधवार, १२ नोव्हेंबर. सायं. ६.३०
तीन वायरी, तीन पिना. गणिताने सहा प्रकार होतात. पहिल्या प्रकारात लाइट विझत्या निखाऱ्यासारखा लागला आणि मीटरवर निळा दिवा आला. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात पुन्हा निखारा. आई पायरीवरून मोजत होती, मोठ्याने. सहाव्यात झळझळीत प्रकाश! मला पहिल्यापासून सहावाच वाटत होता.
आनंदाने ओरडलो. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई खिडकीत येऊन त्याहून मोठ्याने ओरडल्या. लाइट त्यांच्या स्वयंपाकघरात पडला होता. रस्त्यावर अंधार.
व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तो खालचा स्क्रू लाइट वरखाली करायचा असतो. आधी सांगायला काय झालं होतं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर
स्क्रू अकरा वेळा उलटा फिरवला. लाइट रस्त्यावर आला, नीट, देखणा. अकरा मिनिटं राहिला, मग गेला. बल्ब बाहेर काढून पाहिला. काचेवर फुगवटा, बरोबर माझ्या अंगठ्याएवढा. दुकानदाराने शाप दिला असला पाहिजे.
हिला सांगितलं तर हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वाईट याचं वाटलं नाही. एवढी हसली होती कधी ते आठवेना, याचं जरा आश्चर्य वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर
दुसरा बल्ब. दुकानदाराने तो कागदात गुंडाळून दिला आणि माझं मनगट धरून म्हणाला, साहेब, कागदासकट धरा. धरला. त्याच्या बोटांची काळी छाप मनगटावर राहिली. दोनदा साबण लावला.
बसवला. लागला. तासभर ठेवला. गेला नाही. पडलेल्या स्क्रूच्या जागी तार बांधली, आता कंपनीपेक्षा मजबूत आहे.
आईला लाइट दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण सुनेला आधी विचार. काय विचारायचं? सरप्राइज देणार आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर. रात्री ८.१५
बरोबर सातला लॅबच्या फाटकासमोर उभा राहिलो. लाइट चालू. ही बाहेर आली, बरोबर ती सहकारीण. हिने लाइट पाहिला, म्हणाली, अरे वा, जमलं की तुम्हाला! मनापासून म्हणाली. मी सीट पुसली.
ही बसली नाही. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो चालत.
म्हटलं, अगं, आता लाइट आहे.
सहकारीण शहाणी, चार पावलं पुढे जाऊन उभी राहिली. मग ही हळू आवाजात बोलली. रागाने नाही, हेच वाईट. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका. दिवसभर मान मोडून काचपट्ट्या बघते. मग गाडीवर बसलं की रस्ता कसा घाण, माणसं कशी घाण, तुमचं ऑफिस कसं घाण. घर येईपर्यंत मलाही सगळं घाणच वाटायला लागतं. सोळा वर्षं वाटतंय. या दोन आठवड्यांत कळलं की रस्ता तसा बरा आहे.
मला उत्तर द्यायचं होतं. रस्त्यावर शेण पडलं होतं, तेच दाखवणार होतो. दाखवलं नाही.
म्हटलं, निदान उजेड तरी दाखवतो, अंधार आहे. त्यांच्या मागून पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघालो. शंभर पावलं गेलो असेन. ही थांबली, मागे वळली, डोळ्यांवर हात धरून म्हणाली, अहो, मागून लाइट नका मारू, आमच्याच सावल्या पुढे पडतात, खड्डे दिसत नाहीत.
गाडी बंद केली. लाइटही बंद केला.
दोघी पुढे गेल्या. अंधारात हिचं हसू ऐकू आलं. काय बोलत होत्या ते कळलं नाही. माझ्याबद्दल बोलत असतील असं आधी वाटलं. मग वाटलं, नसतील. तेच जास्त लागलं.