आईच्या पायाखालचा डबा

६ एप्रिल, रविवार

पुन्हा तेच! धाकटी बहीण आली, थर्मासच्या डब्यातून घरी केलेलं आइस्क्रीम काढलं आणि आईने दोन वाट्या खाल्ल्या. दोन! मी आठवडाभर सूपचा चमचा घेऊन मागे लागते तर तोंड फिरवते. आजारपणात नऊ किलो उतरलीय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — खाल्लं नाही तर पुन्हा दवाखाना, नाकात नळी.

आई म्हणते, "धाकटे, तुझ्या हाताला चव आहे हो!" आंघोळ माझी, औषधं माझी, चादरी माझ्या. चव मात्र तिची.

८ एप्रिल, मंगळवार

मीही केलं. धाकटीला विचारणार नाही, मेले तरी! समोरच्या बेकरीवाल्याला विचारलं. म्हणाला, यंत्र नसेल तर फ्रीझरमधून दर अर्ध्या तासाने काढून काट्याने फेटा, नाहीतर बर्फाचे खडे होतात. दूध आटवलं, साय, साखर, व्हॅनिला. पहिल्या अर्ध्या तासाला आईला बाथरूमला न्यायचं होतं. दुसऱ्याला चादर बदलायची. तिसऱ्याला माझ्या शिवणकामाचं गिऱ्हाईक, एक बाई उसवलेला कोट घेऊन आली, बटणांवर अर्धा तास बोलली. फ्रीझर उघडला तर वीट! चमचा वाकला.

धाकटीला काय, शनिवारभर फ्रीजपाशी बसायला वेळच वेळ.

९ एप्रिल

वीट वितळवून आईला दिली. "ठेव तिथे." संपलं.

११ एप्रिल, शुक्रवार

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. डाव्या पायात ताकद यायला हवी असेल तर रोज वीस मिनिटं पायाखाली बाटली लोळवा म्हणाल्या. आई म्हणाली, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" बाटली कोपऱ्यात पडून आहे.

बेकरीवाल्याने दुसरीही एक रीत सांगितली होती. दुधाचा लहान डबा मोठ्या डब्यात, मध्ये बर्फ आणि खडेमीठ, आणि हलवत राहायचं. मिठाने गारवा वाढतो म्हणे. मला हलवत बसायला वेळ कुठला? पण घरात एक पाय रिकामा आहे.

१२ एप्रिल, शनिवार

मोठा डबा टॉवेलात गुंडाळला आणि आईच्या पायाखाली सरकवला.

"हे काय?"

"आइस्क्रीम. लोळव."

असं बघितलं माझ्याकडे! पण लोळवला. डावा दमला की उजव्याने. पंचवीस मिनिटं! उघडलं तर आत खरोखर आइस्क्रीम! तिने अर्धी वाटी खाल्ली, "छान झालंय" म्हणाली. मग मी चमचा तोंडात घातला — खारट ढाण! झाकणातून मिठाचं पाणी शिरलेलं. माझं मन राखायला खाल्लं बिचारीने. धाकटीचं मनापासून खाते, ते वेगळं.

१३ एप्रिल, रविवार

धाकटी. दोन वाट्या. मी गॅलरीत एकच टॉवेल चारदा झटकला.

१७ एप्रिल, गुरुवार

झाकणाला चिकटपट्टी, वरून पिशवी, पिशवीला रबर. मीठ नाही! मऊ, लोण्यासारखं! आईने अख्खी वाटी संपवली आणि खिडकीतून बेकरीवाल्याला ओरडून सांगितलं, "मी केलंय!" मी केलंय! दूध कोणी आटवलं, बर्फ कोणी फोडला, ते राहिलंच. असू दे. आता रोज लोळवते. वजनकाट्यावर उभी केली — सहाशे ग्रॅम वाढलंय.

२० एप्रिल, रविवार

आज मी टपूनच होते. धाकटीने पिशवीत हात घातला, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब, आधी आमचं खाऊन बघ!" आमचं!

धाकटीने एक चमचा खाल्ला. "छान झालंय गं, ताई." तेवढंच. स्वतःचा डबा उघडला नाही. आमच्या फ्रीझरमध्ये ठेवला आणि चहा न घेता गेली.

लिहायला लाज वाटते, पण मी भांडी घासताना गुणगुणत होते.

२७ एप्रिल, रविवार

धाकटी आली नाही. फोन केला तर म्हणाली, "काम आहे. आणि आता तू करतेसच की."

आई चार वाजेपर्यंत दाराकडे बघत बसली. डबा लोळवला नाही. जेवलीही नाही. मला वाटायचं धाकटी मिरवायला येते. दोन बस बदलून, मांडीवर तो डबा धरून यायची! आईला द्यायला तिच्याकडे तेवढंच होतं, तेही मी हिसकावलं.

आणि तरी जळतेय मी! माझ्यासाठी आई कधी दाराकडे बघत बसली नाही. बघेल कशी? मी दाराबाहेर जाते कधी?

२८ एप्रिल, सोमवार

धाकटीला फोन केला. "आई माझं खात नाही गं आता. तूच आण." धादांत खोटं! तिकडे आवाज असा फुलला — "मला वाटलंच होतं! रविवारी येते." इतका राग आला!

फोन ठेवून वळले तर आई ऐकत होती.

"बरं केलंस. तिच्या दोन वाट्या खाईन मी. आजारपणापासून मला कशाचीच चव लागत नाही. एवढ्या लांबून आणते म्हणून खाते."

"आणि माझं सूप? त्याला तोंड फिरवतेस ते?"

"तुझ्यापुढे कशाला नाटक करू!"