थरथर हातांची नसून चाकांची असल्याबाबत

प्रति,
मा. वाहन परवाना अधिकारी,
परवाना शाखा, तळमजला.

विषय: ज्येष्ठ बंधूंचा वाहन परवाना परत न घेण्याबाबत.
संदर्भ: परवाना परत करण्यासाठी बंधूंनी गेल्या सोमवारी आपल्याकडे स्वतः दिलेला अर्ज.

महोदय,

संदर्भातील अर्ज खरा आहे, त्यावरील सही खरी आहे. फक्त त्यात दिलेले कारण खोटे आहे आणि ते माझ्यामुळे खोटे झाले आहे, हे आधीच नम्रपणे नमूद करतो.

१. अर्जदाराचे, म्हणजे माझे, मोटारींच्या शोभेच्या सामानाचे दुकान आहे. पाटीवर ‘एकदा बसवलं की बसलं’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. ज्येष्ठ बंधू (यापुढे ‘दादा’) हे निवृत्त बसचालक असून दुकानाच्या वरच्या मजल्यावर वहिनींसह राहतात. उभ्या नोकरीत त्यांच्या बसला ओरखडा आला नाही. त्यांच्या चालत्या बसमध्ये वाहक उभ्याउभ्या चहा पीत असत, आणि सांडलाच तर लोक वाहकाला हसत.

२. निवृत्तीनंतर दादांनी आयुष्यभराची हौस म्हणून एक जुनी, दोन आसनी स्पोर्ट्स कार घेतली. सदर गाडीची मूळची लहान चाके दादांना पसंत होती. ती मलाच बघवेनात. त्याच गाडीच्या नव्या मॉडेलची रुंद, चकचकीत चाके माझ्या हाती लागली, तेव्हा दादांच्या वाढदिवशी त्यांना न विचारता मी ती बसवून टाकली. दादा म्हणाले, जुनीच बरी होती. परंतु जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि माझी कॉलर ताठ झाली.

३. आता तांत्रिक बाब. या नव्या चाकाचे मधले भोक जुन्या गाडीच्या मानाने मोठे आहे. ती फट भरण्यासाठी एक कडी बसवावी लागते. कडी नसेल तर चाक नेमके मध्यावर बसत नाही. हळू चालवताना काही कळत नाही, पण वेग घेतला की स्टिअरिंग थरथरते. कड्या चाकांबरोबर आल्या होत्या. पहिलीच कडी गंजात अडकली, वर मंडळी खोळंबली होती, म्हणून मी नट करकचून आवळले आणि चारही कड्या ड्रॉवरमध्ये टाकल्या. आमच्या धंद्यात घाई असली की बरेच जण असे नटावर भागवतात. भागते म्हणूनच सवय लागते.

४. पुढे एके दिवशी दादा दुकानात आले आणि मोठ्या रस्त्यावर वेग घेतला की हातांत थरथर येते, असे सांगू लागले. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली होती. पण समोर दोन गिऱ्हाइके उभी होती आणि डोक्यावर ती पाटी. मी म्हणालो, “दादा, वय झालं आता तुझं.”

गिऱ्हाइके हसली. दादाही हसले, आणि स्वतःच्या हातांकडे बघत जिना चढून गेले.

५. तेव्हापासून दादा चारचौघांत कप दोन्ही हातांनी धरतात. वहिनी कप अर्धाच भरतात. एकदा त्यांनी शर्टाची बटणे लावायला हात पुढे केला तर दादांनी तो झटकलादेखील नाही, हे वहिनींनी मला रडत सांगितले, आणि मी त्यांना चांगल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. डॉक्टरांना काही सापडले नाही. दादांनी त्याचा अर्थ असा घेतला की डॉक्टर लपवत आहेत. परवा कुलूप उघडताना त्यांच्या हातातली किल्ली खरोखरच थरथरली. माझ्या एका वाक्याने एवढी मजल मारली.

६. दादांनी आपल्याकडे अर्ज दिल्याचे कळल्यावर मी गुपचूप ती गाडी बाहेर काढली. वेग घेताच माझेही हात थरथरले. मी दादापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे. गाडी कडेला घेऊन बसून राहिलो. लाज वाटली, महोदय. याला कार्यालयीन शब्द मला माहीत नाही. त्याच दिवशी जुनी चाके परत बसवली. आता गाडी लोण्यासारखी चालते, पण दादा तिच्यात बसायला तयार नाही.

७. सबब विनंती की दादाचा अर्ज मंजूर करू नये. आपल्या कार्यालयात कागद मागे पडतात असे लोक म्हणतात; माझा त्यावर विश्वास नाही, पण हा एक पडला तर उपकार होतील. एक परवाना जमा करून घेणे भागच असेल तर माझा घ्यावा, सोबत जोडला आहे. तसेच दादाला चाचणीस बोलवावे आणि आपण स्वतः शेजारी बसावे, हातात चहाचा कप घेऊन, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला तर परवाना जरूर काढून घ्यावा. सांडणार नाही. त्यानंतर शिक्क्यानिशी एवढेच लिहून द्यावे की हातांत दोष नाही.

८. हे मी भावाला तोंडाने का सांगत नाही, असे आपण विचाराल. रोज जिना चढतो, वहिनींना बाजारातून काही हवे का विचारतो, आणि परत येतो. शिवाय गिऱ्हाइकांशी मी किती गोड खोटे बोलतो हे दादाने बघितले आहे. हेही त्याला समजुतीपुरतेच वाटेल. शिक्का असला की तो मानतो. आयुष्यभर मानत आला आहे.

आपला नम्र,
आणि दादाचा धाकटा,
(सही)

दिनांक: आजचाच. उद्यावर टाकला तर माझ्याच्याने होणार नाही.

सोबत:
१) चाकाच्या मधल्या भोकाच्या कड्या, नग चार, न वापरलेल्या.
२) अर्जदाराचा वाहन परवाना.

प्रत माहितीसाठी: ज्येष्ठ बंधू, वरचा मजला.
दादा, वाचून झालं की पोच म्हणून इथे सही कर. मी जिन्यातच उभा आहे.