आईने ओळखलेलं निळं स्टूल

कॅरी, अमेरिका, एप्रिल २०२२, रविवार संध्याकाळ

आईला कळलंच. चूक माझी. मागच्या महिन्यात हनोईच्या हॉटेलातून तिला व्हिडिओ कॉल केला होता, पडदे ओढून, इथे कॅरीतल्या घरीच असल्यासारखा. मागे तिथलं बुटकं निळं प्लास्टिकचं स्टूल दिसत राहिलं. आज विचारते, "बाथरूममधलं स्टूल हॉलमध्ये कधीपासून ठेवायला लागलात?" मला हसू आलं आणि सगळं सांगून टाकलं.

मग सुरू. "पुण्याला यायचं म्हटलं की टेस्ट, क्वारंटाईन, शंभर कारणं. तिकडे फिरायला बरं जमलं!"

कारणं नव्हती ती. खरंच नव्हती? थोडी होती. पुण्याला जायचं म्हणजे कुणाचं तरी ऑपरेशन, कुणाचं लग्न, फ्लॅटचे कागद. लग्नाच्या अकरा वर्षांत नचिकेत आणि मी, नवरा-बायको दोघंच, कुठे गेलो? ही ट्रिप कोविडमुळे दोनदा कॅन्सल केली. यंदा नाही केली. अर्धं हनोई बंद होतं. परतीच्या विमानाआधीची टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत घरी परतायची खात्री नव्हती. तरी रोज संध्याकाळी फुटपाथवर, मास्क हनुवटीवर ओढून, तसल्याच निळ्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही तासन्‌तास बोलत बसायचो. काय बोललो, ते आईला का सांगू?

फोनवर सॉरी म्हणणार होते. पण म्हटलं नाही. जूनमध्ये पुण्याला येतोय, एवढं सांगितलं.

आणि आईला उद्याचा कॉल मी त्या स्टुलावर बसूनच करणार आहे. हॉटेलवाल्या बाईंकडून तेच मागून आणलंय.