स्वयंपाकखोपीतला ढोल

मी, उइनिसे वाईपुलु, कै. सिओसाइआ वाईपुलु यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा चटया विणणे, राहणार फालेमोआना, वावाऊ बेटे, टोंगाचे राज्य, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, छाती मात्र नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला माणूस घरी यावा लागतो, आणि अख्खं गाव सोमवारी सुरू होणाऱ्या प्रार्थनेच्या आठवड्यासाठी गाण्याच्या तालमीत गुंतलं आहे.

आपल्या राजचिन्हावर लिहिलंय, देव आणि टोंगा हाच माझा वारसा. मी ते मनापासून मानते. राजा आपला आहे, मळ्यात रताळी आहेत, रविवारी सगळा देश गप्प बसून देवाचं नाव घेतो. याहून जास्त मागणं म्हणजे हावरटपणा. पण माझ्या डुकरिणी कोणाकडे जाणार, हे राजचिन्हावर लिहिलेलं नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम १. जमीन कायद्यानं दिराकडे जाईल. त्यात मला कोण विचारतो? तरी सांगून ठेवते, नीरफणसाला कुऱ्हाड लावायची नाही.

कलम २. राहतं घर, शिलाई मशीन व डुकरिणी माझी भाची कालोलाइने हिला. पोरगी कामाची आहे. फक्त तिला काहीही विचारा, उत्तर एकच.

कलम ३. तुतीच्या सालीचं मोठं कापड व बारीक विणीच्या चटया चर्चच्या महिला मंडळाला. वाटून घेताना भांडू नये. भांडतीलच.

कलम ४. प्रार्थनेचा लाकडी ढोल. हा माझ्या नवऱ्यानं पोखरून केला. ओंडका माझ्या भावाच्या, पेनिसिमानीच्या मळ्यातला. वाजवायचाही पेनिसिमानीच, रोज पहाटे. सध्या तो माझ्या स्वयंपाकखोपीत पडला आहे आणि त्यात कोंबडी अंडी घालते.

का, तर ऐका. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या याच प्रार्थनेच्या आठवड्यात पेनिसिमानी देशासाठी आभार मानायला उभा राहिला. राजापासून सुरुवात केली, मग पाऊस, मासे, नारळ, एकेक बेट नावानिशी. भट्टीतलं जेवण गार व्हायला लागलं. तो वावाऊपर्यंतही पोचला नव्हता, तेवढ्यात गायकवृंदाच्या तेलेसियानं स्तोत्र उचललं आणि सगळे तिच्यामागे गायला लागले. पेनिसिमानी तसाच बाहेर पडला. पाठोपाठ अर्धी मंडळी गेली. आता रस्त्यापलीकडे त्यांचं वेगळं चर्च आहे. देव तोच, राजा तोच, आभार तेच, फक्त समोरासमोर आणि दुप्पट आवाजात.

ढोल कोणाचा, यावर दोन्हीकडून निरोप आले. "आत्या, बाबा म्हणतात लाकूड आमचं," कालोलाइने म्हणाली. तेलेसिया म्हणाली, "अगं उइनिसे, लाकूड त्याचं असेल, देव काय त्याच्या मळ्यात उगवला?" मी म्हटलं, राहू दे माझ्या खोपीत. नव्या चर्चनं भोंगा आणला, जुन्यानं घंटा.

आता माझं ऐका. आपल्या रीतीनं वयात आलेले भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. रीत चांगली आहे, मी ती मोडली नाही. पण मी त्या ढोलावरूनच भावाला ओळखायची. अंथरुणात पडल्यापडल्या कळायचं, आज कंबर धरली आहे, डावा हात मागे पडतोय. आज बायकोशी भांडून आलाय. आज खुशीत आहे. भोंग्याचं बटण कोणीही दाबतं. कालोलाइनेला विचारावं तर, "बरे आहेत." एवढी वर्षं झाली, माझा भाऊ कसा आहे हे मला ठाऊक नाही. दोन्ही चर्चना याचा जाब देव विचारील.

सबब, ढोल पेनिसिमानीला देते. त्याची दोन्ही टिपरं तेलेसियाला देते. एकाला दुसऱ्याशिवाय वाजवता यायचं नाही, आणि तिसऱ्या माणसानं ढोलाला हात लावायचा नाही. कलम चार आजपासून लागू.

साक्षीदार लिसिआते म्हणतात, "काकी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." होत असेल. मी गेल्यावर त्याची कंबर कशी आहे, हे मला कोण सांगणार? टिपरं तेलेसियाकडे पोचली आहेत. ढोल दोन माणसांनी उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवला आहे. अंडी काढून घेतली आहेत.

सही: उइनिसे वाईपुलु
साक्षीदार: लिसिआते फोनुआ, गाव अधिकारी
साक्षीदार: लाविनिया केफू, परिचारिका
फालेमोआना, शनिवार, ४ जानेवारी २०२५

पुरवणी, सोमवार, ६ जानेवारी, साक्षीदार वरीलच.

आज पहाटे ढोल वाजला. एक टिपरू तेलेसियाच्या हातात होतं, तिला ताल कधीच नव्हता. दुसरं माझ्या भावाच्या हातात. मी पडल्यापडल्या शेवटपर्यंत ऐकलं आणि देवाचे आभार मानले, थोडक्यात.

भावाचा हात फार मागे पडतोय. कालोलाइने, हेच का तुझं "बरे आहेत"? आजच बापाला दवाखान्यात ने. नाहीतर शिलाई मशीन तेलेसियाला.