केबिनमधली दुसरी बाई

७ नोव्हेंबर

उद्या जहाज. बॅग भरून झाली. एकटीने क्रूझला जायचा निर्णय संपूर्णपणे माझा आहे, हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझ्याशीच माझा वाद नको.

आधी ठरलं होतं दोघींचं. मी आणि ठकी. शाळेपासूनची मैत्रीण, आणि ड्रायव्हिंग स्कूल काढल्यापासून भागीदार. आयुष्य नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून गेलं. म्हणून बेत होता की एकदा अशा वाहनातून जायचं, जिथे चालवणाऱ्याला आपण काही सांगायचं नाही. पण ठकीने गेल्या महिन्यात लग्न केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी. तेही आमच्याच एका विद्यार्थ्याशी. विद्यार्थी साठीचा. ऐनवेळी पाठ फिरवली म्हणतात ती अशी.

मला राग आलेला नाही. लग्नाला गेले होते, साक्षीदार म्हणून सहीसुद्धा केली. फोटोत हसतेय. डोळे मिटलेत, पण ओठ नक्की हसतायत.

संकल्प: ठकीचा विषय काढायचा नाही, मनातसुद्धा. कुणाशी ओळखी वाढवायच्या नाहीत. रोज डेकवर भरभर चालायचं. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. फोन बंद.

८ नोव्हेंबर, संध्याकाळ

चढले. जहाज म्हणजे पाण्यावर सोडलेली हाउसिंग सोसायटी. कॉरिडॉर इतका लांब की त्यात रिव्हर्स शिकवता येईल. केबिन झकास. बेड दोन, कारण ठकीचं नाव काढलं तरी खोली तीच राहिली.

दारातच एक हसरी बाई पिवळा बिल्ला घेऊन उभी. एकट्या प्रवाशांचं वेगळं टेबल असतं म्हणे, रोज जेवायला एकत्र बसतात. बिचारे. मी समजुतीच्या सुरात म्हटलं, ते ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. तिने विचारलं, मग तुमच्याबरोबर कोण आहे? मी म्हटलं, मैत्रीण.

तोंडातून निघून गेलं. खोटं म्हणता येणार नाही. ठकी माझी मैत्रीण आहेच. होती. कागदोपत्री आहे.

मग खोली आवरणाऱ्या बाईंनी विचारलं, दुसऱ्या मॅडम कुठायत? मी म्हटलं, फिरतेय जहाजावर. जेवायला दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको असं टेबल मिळालं. त्यांनीही चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. मी म्हटलं, आडवी आहे केबिनमध्ये, तिला बोट लागते. उद्या सगळ्यांना सांगून टाकेन. एवढं काय त्यात.

९ नोव्हेंबर

आज सांगायला वेळ झाला नाही. सकाळपासून जहाज डुलतंय. मला बोट लागत नाही. ज्या बाईने धक्के देत क्लच सोडणाऱ्यांबरोबर तीस वर्षं काढली, तिला बोट काय लागणार. कालचं सूप बरोबर नव्हतं. ते सूप चार वेळा बरोबर नव्हतं. डेकवर चालणं रद्द, डेक ओला होता. म्हणजे असणार.

खोली आवरणाऱ्या बाई कामाला चोख. दोन्ही उशांवर चॉकलेट ठेवतात. दुसरा बेड न वापरलेला दिसला तर त्या बिचाऱ्यांना उगाच काळजी, म्हणून चादर चुरगाळून ठेवली आणि उशीवर डोक्याएवढा खड्डा पाडला. भिंतीच्या बाजूला पाडला. ठकी भिंतीकडे तोंड करून झोपते.

१० नोव्हेंबर

दातांच्या डॉक्टरांची बायको भलतीच प्रेमळ. तुमच्या मैत्रिणीच्या पोटात काही नसेल हो, म्हणत तिने बुफेवरून ताट भरून माझ्या हातात दिलं. भात, भाजलेले बटाटे, चीजचा पास्ता, वर केकचा तुकडा. बोट लागलेल्या माणसाला चीजचा पास्ता द्यावा का, असा प्रश्न मनात आला. पण ठकीला आवडतो.

अन्न टाकणं बरं नाही. केबिनमध्ये बसून खाल्लं. संकल्प मोडलेला नाही. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. ते ठकीचं ताट होतं.

११ नोव्हेंबर

जहाज किनाऱ्याला लागलं. बसने गाव दाखवायला नेलं. ड्रायव्हर चढावावर तिसऱ्या गिअरमध्ये! सहन करून करून किती करायचं? पुढे जाऊन दोन शब्द सांगितले. त्यानेही मला दोन शब्द सांगितले. परतीचा प्रवास मागच्या सीटवर.

बाजारात उन्हाच्या टोप्या होत्या. दोन घेतल्या. सवयीने. एक धुवायला टाकली की दुसरी लागेलच.

जेवताना दातांचे डॉक्टर गंभीर झाले. इतके दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस म्हणजे लक्षण ठीक नाही, जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, छे छे, खूप सुधारणा आहे, सगळं ताट संपवते. बायको म्हणाली, मग भेटायला येऊ का? मी म्हटलं, आत्ताच डोळा लागलाय. ती म्हणाली, तुम्हाला इथे बसून कसं कळलं? मी म्हटलं, चाळीस वर्षांची मैत्री आहे.

आज परत ताट. जड होतं. मला ठकीचा खरोखर राग यायला लागलाय. जेवायची ती आणि पोट माझं दुखतंय.

१२ नोव्हेंबर

लिहू नये असं वाटतंय. पण रोजनिशी आहे.

दातांच्या डॉक्टरांच्या बायकोने काळजीपोटी जहाजावरचा डॉक्टर परस्पर पाठवला. त्याने आधी प्रवाशांची यादी पाहिली. या केबिनमध्ये एकच बाई. त्याने खोली आवरणाऱ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कसं शक्य आहे, दोन्ही बेडवर झोपतात, दोन्ही चॉकलेटं खातात, रोज जास्तीचं ताट येतं आणि चाटूनपुसून परत जातं. पण दुसऱ्या मॅडम मी अजून पाहिलेल्या नाहीत.

थोडक्यात, मी केबिनमध्ये विनातिकीट माणूस लपवलाय असा निष्कर्ष निघाला.

नाश्ता करून येते तर दारात सुरक्षा अधिकारी, त्याचे दोन सहकारी, डॉक्टर, आवरणाऱ्या बाई. कपाट उघडलं. बेडखाली टॉर्च मारला. बाथरूमचा पडदा तर असा ओढला, जणू मागून कुणीतरी उडीच मारणार. मी शांतपणे खुलासा केला. म्हटलं, ती आहे, पण इथे नाही. याने कुणाचं समाधान झालं नाही. अधिकाऱ्याने विचारलं, मग उतरली कुठे? मी म्हटलं, ती चढलीच नाही. तो म्हणाला, मग जेवतं कोण?

या प्रश्नाला अब्रू राखणारं उत्तर नसतं.

त्याने माझा फॉर्म काढला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात अजून ठकीचाच नंबर. बदलायचा राहिला होता. लावला फोन, स्पीकरवर. जहाजावरून बोलतोय म्हटल्याबरोबर ठकी ओरडली, काय झालं तिला? पडली का? बोलत का नाही तुम्ही? मला, का कोण जाणे, बरं वाटलं.

अधिकाऱ्याने सगळं सांगितलं. उशीवरच्या खड्ड्यासकट. पलीकडून हुंदक्यांसारखे आवाज. मला वाटलं, रडतेय. पश्चात्ताप झाला असेल. अखेर.

ती हसत होती. इतकी की अधिकाऱ्याला आवाज कमी करावा लागला. मग दम घेत म्हणाली, अगं, मला न्यायचंच होतं तर मलाच का नाही नेलंस?

मी म्हटलं, तू लग्न केलंस ना!

ती म्हणाली, लग्न केलंय बाई, पाय नाही मोडून घेतला. किती वेळा म्हटलं तुला, मी येते. हेसुद्धा म्हणाले, जा. तू म्हणालीस, नवरा सांभाळ आता, आणि फोन आपटलास.

मला असं काही आठवत नाही. हातातून सुटला असेल फोन.

अधिकारी खिडकीतून समुद्राची पाहणी करू लागला. आवरणाऱ्या बाईंनी मला कागदी रुमाल दिला. केबिनमध्ये एसीचा झोत थेट डोळ्यांवर येतो, त्याची तक्रार करायला हवी.

१३ नोव्हेंबर

जहाजावर बातमी फिरायला वाऱ्याचीसुद्धा गरज नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाने विचारलं, आज दोघी कशा आहात? दातांच्या डॉक्टरांची बायको रुसलीय. तिचं बरोबर आहे, त्या बाईने चार दिवस माझ्यावर जीव टाकला. मी माफी मागायला गेले, तर म्हणाली, निदान केक तरी कुणाला आवडला ते खरं सांगा. मी म्हटलं, मला. मग बोलली.

तरीही त्या टेबलावर बसवेना. चौथी खुर्ची डोळ्यांत खुपते. पिवळ्या बिल्ल्याच्या टेबलाशी गेले, केवळ जागा रिकामी होती म्हणून. सगळे हसले. मीही हसले, सौजन्य म्हणून. एक निवृत्त नर्स आहे, जन्मभर लोकांच्या नाइट ड्यूट्या केल्या, आता कुणाचं तोंड बघायचं नाही म्हणून आलीय आणि एक क्षण गप्प बसत नाही. एक शिंपी आहे, त्याच्या बायकोला पाण्याची भीती. तो रोज तिला फोनवर समुद्र दाखवतो आणि ती रोज डोळे मिटते. नर्सला गाडी शिकायचीय. दोन चमचे आणि बशी घेऊन तिला क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर समजावला. बशी फुटली. हात चांगला आहे पण बाईचा.

ओळखी वाढवलेल्या नाहीत. फक्त नंबर घेतले.

१४ नोव्हेंबर

उद्या उतरायचं. ठकीचा मेसेज, न्यायला गाडी येईल. मी ठरवलंय, तिला मोठ्या मनाने क्षमा करायची. पण लगेच नाही. आधी नुसतं 'कशी आहेस' एवढंच. मग सामान ठेवेपर्यंत गप्प. मग खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, झालं गेलं विसरून जाऊ. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'विसरून' या शब्दाशी आवाज बिघडतो. सरावाने जमेल.

आज डेकवर एक फेरी मारली. वारा फार होता. पण मारली.

१५ नोव्हेंबर

बंदरावर ठकी नव्हती. तिच्या एका विद्यार्थिनीची आज टेस्ट. नवरा आला होता, एकटा. माझं भाषण तयार आणि समोर भलताच माणूस.

बॅग त्याने घेतली. मी पुढे त्याच्या शेजारी बसले. हा गृहस्थ आमच्या स्कूलच्या इतिहासात सर्वांत जास्त वेळा नापास झालेला. लायसन्स मिळालं तेव्हा आम्ही पेढ्यांऐवजी सुटकेचा निःश्वास वाटला होता. आता पाहते तर गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी चाललेली. मला राहवलं नाही. म्हटलं, इतकं येत होतं तर नापास कसे व्हायचात?

तो लाजला. साठीचा माणूस, कानापर्यंत लाल. म्हणाला, मुद्दाम व्हायचो. पास झालो असतो तर क्लासला यायला निमित्त काय राहिलं असतं?

ठकीसाठी कुणी एवढं करेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे, माझ्याशिवाय कुणी. मग हिशेब नीट करावा म्हणून विचारलं, सगळ्याच वेळा मुद्दाम?

तो घुटमळला. म्हणाला, नाही. पहिल्या दोन वेळा खरंच नापास झालो. तेव्हा तुम्ही शिकवायचात.

पुढचे दोन सिग्नल मी फार लक्षपूर्वक पाहिले.

चौक आला. माझं घर उजवीकडे. मी म्हटलं, उजवीकडे घ्या. तो म्हणाला, जेवण आमच्याकडे आहे. तिने सांगितलंय, ती नाही म्हणेल, तरी घेऊन या.

मी नाही म्हटलं. स्पष्ट शब्दांत.

त्याने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वेग कमी केला आणि डावीकडे वळला. वळण बरोबर घेतलं. तेवढं मान्य करायला हवं.